छज्ज्याखालचं ग्रिल आधी का गंजतं?

पत्र: देवगड तालुक्यात समुद्रापासून दोनशे-अडीचशे मीटरवर आमचं घर आहे. बांधून पाच वर्षं झाली. खिडक्यांना सात ग्रिलं, पुढे चौकोनी पाइपाचं गेट, पडवीवर पत्रा आणि जिन्याला स्टीलचं रेलिंग आहे. दर दिवाळीआधी पेंटरकडून ग्रिलं घासून घेतो, वर रेडऑक्साइड आणि ऑइल पेंट मारतो. शिमग्यापर्यंत फोड दिसायला लागतात आणि गणपतीला पापुद्रे निघतात. नवल असं, की वरच्या दोन खिडक्यांना छज्जा नाही, पाऊस थेट झोडपतो, तरी ती ग्रिलं बरी आहेत. पडवीतली आणि छज्ज्याखालची, ज्यांना पाऊस लागतच नाही, ती खाऊन गेली. पत्र्याच्या स्क्रूंखाली तांबडे ओघळ आलेत, रेलिंगवर चहा सांडल्यासारखे डाग पडलेत. मागच्या छज्ज्याला खालून बारीक भेग गेली आहे. शेजारी म्हणतात जुनं इंजिन ऑइल फासा, पेंटर म्हणतो ॲसिडने धुऊ. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं उभा आहे आणि आमचं ग्रिल पाच वर्षं टिकत नाही, हे कसं? आणि आईची विळी गंजते, तिचंही सांगा.

उत्तर: तुम्ही ज्याला नवल म्हणता तिथेच तुमच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर आहे. तुमच्या घराचं लोखंड गंजतंय ते मिठामुळे, आणि पाऊस ते मीठ धुऊन नेतो. वरच्या दोन ग्रिलांना जून ते सप्टेंबर फुकटची आंघोळ मिळते. छज्ज्याखालच्यांना कधीच मिळत नाही. त्यांच्यावर खाऱ्या वाऱ्याने आणलेलं मीठ पाच वर्षं साचत आलंय, आणि दर दिवाळीला त्यावर रंगाचं झाकण बसतंय. पावसाळ्यात पडवीला प्लास्टिकची झड लावत असाल तर आतल्या ग्रिलांचे आणखी हाल: पाणी लागत नाही, ऊन लागत नाही, दमट खारी हवा मात्र कोंडून राहते.

मीठ नेमकं काय करतं ते स्वयंपाकघरात बघा. पावसाळ्यात जाड्या मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. शुद्ध मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी धरू लागतं. आपल्या किनाऱ्यावर एवढी कोरडी हवा सहसा नसतेच. म्हणजे भर मे महिन्यात, कोरड्या ठणठणीत वाटणाऱ्या गजावरही डोळ्याला न दिसणारा खाऱ्या पाण्याचा पातळ थर असतो. गंजायला लोखंडाला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. प्राणवायू हवेत आहेच, पाणी मीठ पुरवतं.

आता त्या पाण्याचा एक थेंब जवळून बघू. घासून चकचकीत केलेल्या पत्र्याच्या तुकड्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवा आणि दोन-तीन तास थांबा. थेंबाच्या कडेला हवेतला प्राणवायू भरपूर पोचतो, मध्यभागी कमी. या फरकाने थेंबाखाली एक इवलीशी बॅटरी तयार होते. मध्यभागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन धातूतून कडेला जातात आणि तिथे पाणी व प्राणवायू मिळून हायड्रॉक्सिल आयन बनतात. मधलं लोखंड आणि कडेचा हायड्रॉक्सिल वाटेत भेटतात तिथे आधी हिरवट आणि मग प्राणवायू मिळाल्यावर तांबूस गंजाचं कडं उमटतं. थेंब पुसून बघितलंत तर खड्डा कड्याखाली नसतो, मधोमध असतो. गंज दिसतो एकीकडे, लोखंड खाल्लं जातं दुसरीकडे. ग्रिलवरचा टिकलीएवढा फोड खरवडला की खाली खोल भोक निघतं, ते यामुळेच.

मिठाचं काम इथे दुहेरी आहे. एक, खारं पाणी वीज सहज वाहू देतं, त्यामुळे ही बॅटरी जोरात चालते. दुसरं जास्त वाईट. क्लोराइड खड्ड्याच्या तळाशी जाऊन लोखंडाशी जोडी जमवतं, त्यातून थोडं आम्ल तयार होतं, लोखंडाचा गंज बनून बाहेर पडतो आणि क्लोराइड पुन्हा मोकळं होऊन नव्या लोखंडाकडे वळतं. ते खर्च होत नाही. चिमूटभर मीठ वर्षानुवर्षं काम करू शकतं. ॲल्युमिनियमसारखा घट्ट चिकटून राहणारा थर लोखंडाच्या नशिबी नाही. गंज भुसभुशीत असतो, लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा व्यापतो आणि वर ओलावा धरून ठेवतो.

आता पेंटरचं गणित कुठे चुकतं ते कळेल. तो कोरडंच घासतो. वरचा गंज निघतो, खड्ड्यातलं मीठ तिथेच राहतं. वर रेडऑक्साइड आणि ऑइल पेंट. रंग दिसायला अखंड असला तरी पाण्याची वाफ त्यातून हळूहळू आत जातेच. खालचं मीठ ती ओढून घेतं, थेंब बनतो, रंग उचलला जातो. तुम्हाला शिमग्याला दिसणारे फोड हे असे. एखादा ताजा फोड फोडून आतलं पाणी बोटाला लावून बघा, खारट लागेल. शिवाय ऑइल पेंटचा एक हात वाळून २५–३० मायक्रॉनच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडी देतो. समुद्राजवळ एकूण २०० मायक्रॉनच्या पुढे जाडी हवी.

लोहस्तंभाचं म्हणाल तर तो चौथ्या-पाचव्या शतकातला. त्याच्या लोखंडात फॉस्फरस सुमारे ०.२५ टक्के आहे, आजच्या पोलादाच्या कितीतरी पट. त्यामुळे पृष्ठभागावर एक संरक्षक थर जमला, हे आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांच्या अभ्यासातून पुढे आलं. आजच्या पोलादात फॉस्फरस मुद्दाम कमी ठेवतात, कारण तो जास्त झाला की पोलाद ठिसूळ होतं. आणि तो स्तंभ दिल्लीच्या कोरड्या हवेत आहे. देवगडच्या किनाऱ्यावर उभा केला असता तर इतकं कौतुक वाट्याला आलं असतं असं वाटत नाही.

ग्रिलं: रंगाआधी पाणी

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढा. दिवाळीआधी केलंत तर परतीच्या पावसाचा भरवसा नसतो. रंग फक्त सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळात लावायचा. हिवाळ्यात पहाटे गजाला हात लावला तर ओला लागतो, ते दंव पूर्ण उडालेलं हवं, आणि संध्याकाळचं दंव पडायच्या आत रंग सुकलेला हवा. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर त्या दिवशी डबा उघडू नका.

पहिल्या दिवशी आधी ग्रिल नळीच्या पाण्याने धुवा. दहा लिटर पाण्यात एक लहान चमचा भांड्याचा साबण, नायलॉनचा ब्रश, आणि मग भरपूर साधं पाणी. विहीर मचूळ असेल तर ते पाणी नको, टाकीचं गोडं पाणी घ्या. धुऊन मग खरवडा. सुटलेला रंग आणि जाड पापुद्रे छिन्नी-हातोडीने आणि पत्रीने काढा, उरलेलं ८० नंबरच्या पॉलिश पेपरने किंवा ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून. ग्राइंडरवरचा तारेचा ब्रश काम भराभर उरकतो, पण तो गंज काढण्यापेक्षा त्याला घासून चकचकीत करतो. दिसायला धातू, खाली गंज. गजांचे जोड, वेल्डिंगचे गठ्ठे आणि गज भिंतीत शिरतात ती जागा यांवर सर्वात जास्त वेळ घालवा. मास्क आणि चष्मा लावूनच हे करायचं.

खरवडून झालं की पुन्हा धुवा. ही पायरी जवळजवळ कुणीच करत नाही, आणि सगळा खेळ इथेच आहे. गंजाखालचं मीठ आत्ता उघडं पडलंय, पहिल्या धुण्यात ते निघालेलंच नव्हतं. ओल्या लोखंडावर अर्ध्या तासात पिवळसर झाक येईल, तिला घाबरू नका. रात्रभर तसंच ठेवा. सकाळी काही ठिकाणी तपकिरी ओलसर ठिपके, घाम फुटल्यासारखे दिसले तर तिथे खड्ड्यात मीठ आहे. तेवढीच जागा पुन्हा घासा, पुन्हा धुवा.

अंदाजावर सोडायचं नसेल तर मोजता येतं. पिण्याच्या पाण्याचा टीडीएस मीटर आणि बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घ्या. १० मिलिलिटर पाणी स्वच्छ वाटीत घेऊन त्याचा टीडीएस बघा. कापसाचा बोळा त्याच पाण्यात बुडवून गजाचा १०० चौरस सेंटीमीटर भाग नीट पुसा, बोळा वाटीत पिळा, हे चार-पाच वेळा करा आणि पुन्हा मोजा. १२ मिलिमीटर चौरस गजाची २१ सेंटीमीटर लांबी म्हणजे चारही बाजू मिळून साधारण १०० चौरस सेंटीमीटर होते. या मापाने आकडा जितका वाढला तितके मिलिग्रॅम क्षार एका चौरस मीटरवर, हिशोब सरळ आहे. जहाजांच्या पाण्याच्या टाक्या रंगवताना ५० मिलिग्रॅमची मर्यादा पाळतात. तुमची वाढ ५०च्या आत आली की रंगाला हात घाला. हातमोजे घाला, घामाच्या हातालाही मीठ असतंच.

पेंटरचं ॲसिड मात्र दारातच थांबवा. बाजारात मिळणारं ते ॲसिड बहुधा हायड्रोक्लोरिक, म्हणजे पाण्यात विरलेलं क्लोराइड. गंज झटकन निघतो खरा, पण ज्या गोष्टीला हाकलायचं तीच तुम्ही ब्रशने लावता. इंजिन ऑइलही नको. वापरलेल्या तेलात ज्वलनातून आलेली आम्लं असतात, त्यावर धूळ आणि मीठ चिकटतं, आणि एकदा ते गजाच्या जोडात मुरलं की पुढे कुठलाही रंग तिथे धरत नाही. गंज रूपांतर करणारं द्रावण, ज्याला दुकानात रस्ट कन्व्हर्टर म्हणतात, ते कामाचं आहे, पण मर्यादेत. हिरड्याच्या पाण्यात लोखंडी खिळा टाकला की पाणी शाईसारखं काळं होतं, त्याच जातीची ही क्रिया: टॅनिन आणि लोखंड मिळून स्थिर काळा थर बनतो. घट्ट बसलेल्या पातळ गंजावर आणि जिथे कागद पोचत नाही अशा सांध्यात लावा. जाड पापुद्र्यावर किंवा न धुतलेल्या गंजावर लावणं म्हणजे पैसे पाण्यात.

दुसऱ्या दिवशी १२० नंबरचा कागद हलकेच फिरवून पिवळी झाक काढा, थिनरच्या कापडाने पुसा आणि चार तासांच्या आत प्रायमर लावा. प्रायमर झिंक फॉस्फेटचा, दोन डब्यांचा इपॉक्सी घ्या: एका डब्यात बेस, दुसऱ्यात तो कडक करणारा हार्डनर. नुसतं रेडऑक्साइड समुद्राजवळ पुरत नाही, ते मुख्यतः रंगद्रव्य आहे, गंज रोखायची ताकद त्यात फारशी नाही. 'झिंक रिच' प्रायमर जास्त भारी म्हणून दुकानदार पुढे करेल, पण त्यातल्या जस्ताचा कोऱ्या लोखंडाशी थेट संपर्क झाला तरच तो काम करतो. हाताने घासलेल्या ग्रिलवर तो वाया जातो.

बेस आणि हार्डनरचं प्रमाण डब्यावर छापलेलं असतं. ते मापानेच घ्या, 'अंदाजे झाकणभर' नको. हार्डनर कमी पडला तर रंग महिनाभर चिकट राहतो, जास्त झाला तर ठिसूळ होतो. कालवून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग लावा. आपल्या हवेत मिश्रण तीन-चार तासांत घट्ट व्हायला लागतं, म्हणून एका वेळी अर्ध्या लिटरपेक्षा जास्त कालवू नका. घट्ट झालेल्यात थिनर ओतून ते जिवंत होत नाही.

आधी लहान ब्रशने फक्त कडा, वेल्डिंग आणि जोड रंगवा, मग सगळं ग्रिल. ओला रंग कडेवरून मागे सरकतो आणि तिथे थर पातळ राहतो, म्हणून गंज नेहमी कडेपासून सुरू होतो. पूर्ण रात्र जाऊ द्या. तिसऱ्या दिवशी मधला थर, इपॉक्सी एमआयओचा: त्यात लोह ऑक्साइडच्या बारीक चकत्या असतात, कौलांसारख्या एकावर एक बसून त्या पाण्याची वाट लांबवतात. चौथ्या दिवशी वर पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग. इपॉक्सी उघडा ठेवला तर उन्हाने खडूसारखा भुकटा होतो, पीयू ऊन सोसतो. प्रायमर ६०, मधला १००, वरचा ५० मायक्रॉन, असे २१०. ब्रशच्या एका हातात एवढा थर क्वचित बसतो, तेव्हा मधल्याचे दोन हात धरा. थर दुसऱ्यावर बसवायला आठवड्याहून जास्त उशीर झाला तर मध्ये कागद फिरवावाच लागेल.

किती रंग लागेल? १२ मिलिमीटर गजाचं चार बाय चार फुटांचं ग्रिल सगळ्या बाजू धरून साधारण एक चौरस मीटर भरतं. सात ग्रिलं आणि गेट मिळून १२ चौरस मीटर धरा. गजांवर निदान ४० टक्के रंग वाया जातो. तो धरून प्रायमर अडीच लिटर, मधला साडेतीन, पीयू दोन लिटर, दोन्ही भाग मिळून. पीयूचा हार्डनर श्वासाला वाईट, खिडक्या उघड्या ठेवून आणि गॅसचा मास्क लावूनच वापरा.

एक धोका लक्षात ठेवा. जुन्या ऑइल पेंटवर इपॉक्सी मारलात तर त्यातलं थिनर खालचा रंग उचलतं, सुरकुत्या पडतात. एक तर जुना रंग पूर्ण उतरवा, नाही तर उतरवणं शक्य नसलेल्या ग्रिलला झिंक फॉस्फेट असलेला ऑइल जातीचाच प्रायमर आणि वर ऑइल पेंटचे तीन हात द्या. दोन पद्धतींची खिचडी करू नका.

गज जिथे भिंतीत शिरतात तिथे गिलाव्याची ओल आणि मीठ दोन्ही अडतं. त्या सांध्यात पीयू सीलंटची बारीक वात फिरवा आणि खिडकीच्या चौथऱ्याचा उतार बाहेर ठेवा.

आणि मग आंघोळ. छज्ज्याखालच्या ग्रिलांना ऑक्टोबर ते मे दर पंधरा दिवसांनी गोड्या पाण्याची नळी मारा, सकाळी, म्हणजे दिवसभरात वाळेल. एका ग्रिलला दोन मिनिटं पुरतात. पावसाळ्यातही महिन्याला एकदा मारा, कारण पाऊस त्यांच्यापर्यंत पोचत नाही. आम्हाला एकच गोष्ट निवडायला लावलीत, रंग की नळी, तर नळी निवडू.

गेट आणि पत्रा

चौकोनी पाइपाचं गेट आतून गंजतं. वेल्डिंगच्या टाचणीएवढ्या भोकातून खारी हवा आत जाते, रात्री आत दव धरतं आणि बाहेर पडायला वाट नसते. तळाच्या पाइपाला दोन्ही टोकांना खालून ८ मिलिमीटरची भोकं पाडा, पाणी गळून जाईल, मग गाड्यांच्या दरवाज्यांत मारतात तसं मेणाचं स्प्रे आत सोडा. 'जीआय (जस्त चढवलेला) पाइप वापरलाय' हे वेल्डरचं म्हणणं अर्धवट खरं असतं: वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जातं आणि गंज बरोबर तिथूनच सुरू होतो.

नवीन गेट करणार असाल तर पूर्ण वेल्डिंग झाल्यावर हॉट डिप गॅल्व्हनायझिंग करून घ्या. ४५० अंशांच्या आसपास वितळलेल्या जस्तात सगळं गेट बुडवतात. ५ मिलिमीटर किंवा त्याहून जाड पोलादावर भारतीय मानक दर चौरस मीटरला ६१० ग्रॅम जस्त सांगतं, म्हणजे साधारण ८५ मायक्रॉन. आयएसओ ९२२३ प्रमाणे सी५ या जास्त गंजवणाऱ्या हवेत जस्त वर्षाला ४.२ ते ८.४ मायक्रॉन झिजतं. म्हणजे दहा ते वीस वर्षं. पातळ पाइपावर थर कमी बसतो, त्या मानाने वर्षं कमी धरा. जस्ताची गंमत अशी, की ओरखडा पडून लोखंड उघडं पडलं तरी आधी जस्त झिजतं आणि शेजारच्या लोखंडाला वाचवतं. रंगाला हे जमत नाही. बुडवण्याआधी बंद पाइपांना हवा जायला भोकं हवीतच, आत अडकलेलं पाणी वाफ होऊन पाइप फोडतं. पुढे अशा गेटवर ऑइल पेंट थेट मारू नका. जस्त आणि ऑइल पेंट यांच्यात साबणासारखा थर तयार होऊन रंग सालपटासारखा निघतो. आधी जस्तावरचा 'एच' (etch) प्रायमर किंवा इपॉक्सी.

पत्र्याचे ओघळ बहुतेक स्क्रूंचेच. स्वस्त सेल्फ ड्रिलिंग स्क्रूंवर विजेने चढवलेलं जस्त जेमतेम ८–१० मायक्रॉन असतं. वरचा हिशोब लावलात तर ते एक-दोन वर्षांत संपतं. पत्रा शाबूत असेल तर स्क्रू एकेक करून काढा आणि हॉट डिप केलेले जे-हुक बोल्ट, ईपीडीएम रबराच्या वॉशरसह बसवा. वॉशर जेमतेम दबेल एवढंच आवळा. फुगून बाहेर आला तर उन्हात लवकर चिरतो. भोक पाडल्यावर पडलेला लोखंडाचा कीस त्याच दिवशी झाडून टाका, नाहीतर पहिल्याच दंवात पत्र्यावर तांबडे ठिपके उमटतील. पुढे पत्रा बदलाल तेव्हा बिलावर जीएसएमचा, म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम जस्त याचा, आकडा मागा. तो दोन्ही बाजूंचा मिळून असतो. १२० जीएसएमच्या जस्ती पत्र्यावर एका बाजूला आठ-साडेआठ मायक्रॉनच जस्त येतं, २७५ जीएसएमवर एकोणीस.

रेलिंग

स्टील गंजत नाही हा समज अर्धाच खरा. त्यातलं क्रोमियम पृष्ठभागावर अतिशय पातळ थर धरतं, तोच त्याचा बचाव. मीठ साचून राहिलं की थराला बारीक छिद्रं पडतात आणि चहासारखे डाग येतात. रेलिंगला बाजारात बरेचदा २०२ ग्रेड खपवतात, त्यात निकेल कमी. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. समुद्राजवळ लावायचं ते ३१६, त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम जास्त. चुंबक लावून ग्रेड ओळखायच्या भानगडीत पडू नका, २०२ आणि ३०४ दोन्हींना तो जवळजवळ चिकटत नाही.

आहे ते रेलिंग काढायची गरज नाही. डाग वरवरचे असतात. साबणाच्या पाण्याने, मऊ कापडाने, पॉलिशच्या रेघांच्या दिशेने पुसा, जिद्दी डागांना सायट्रिक ॲसिड: अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे, दहा मिनिटं, मग भरपूर गोडं पाणी. तारेची घासणी नको, तिचे लोखंडी तुकडे अडकून नवे डाग पडतात. ब्लीचही नको, त्यातही क्लोरिनच.

छज्ज्याची भेग

पत्रात तुम्ही ही ओझरती लिहिलीत, पण सगळ्यांत आधी तिच्याकडे बघा. काँक्रीटमधली सळई सिमेंटच्या अल्कधर्मी वातावरणात, साडेबारा-तेरा पीएचमध्ये, सुरक्षित असते. मीठ सळईपर्यंत पोचलं, बाहेरून मुरून किंवा बांधतानाच खाऱ्या वाळूतून, मचूळ पाण्यातून, की हा बचाव मोडतो. गंज फुगतो आणि काँक्रीट आतून फाडतो. भेग सळईच्या ओळीने सरळ जात असेल आणि कडेला तांबूस डाग असेल तर संशय नको.

हातोडीने हलके ठोकत जा. टणटण वाजेल ती जागा बरी, भद्द वाजेल ती सुटलेली. सुटलेला तुकडा डोक्यावर पडू शकतो, तेव्हा छज्ज्याखालची वहिवाट आजच बंद करा. भेग स्लॅबला, तुळईला किंवा खांबाला असेल तर हे उत्तर बाजूला ठेवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

नुसत्या छज्ज्याचं असेल तर गिलावा करून भेग झाकणं हाच सर्वात महाग उपाय ठरेल. सुटलेलं सगळं काढा, सळईच्या मागेही २०–२५ मिलिमीटर बोट फिरेल एवढी जागा करा, आणि गंज संपल्यावर पुढे आणखी पाचेक सेंटीमीटर जा. सळई घासून, धुऊन व्हर्निअरने (बारीक जाडी मोजायच्या मापाने) मोजा. ८ मिलिमीटरची सळई ७.२ उरली असेल तर तिचं क्षेत्रफळ जवळजवळ एक पंचमांश गेलं. त्याहून कमी भरली तर शेजारी नवी सळई जोडावी लागेल आणि तो हिशोब इंजिनिअरचा. मग सळईला झिंक प्रायमर (इथे सळई कोऱ्या धातूपर्यंत साफ केलेली असते, म्हणून इथे तो चालतो), जुन्या काँक्रीटला बाँडिंग कोट, आणि पॉलिमर मॉर्टर दोन सेंटीमीटरच्या आतल्या थरांनी. सात दिवस गोड्या पाण्याने ओलं ठेवा.

नेहमीची तक्रार असते, की डागडुजी केलेली जागा ठीक राहते आणि वीतभर पुढे नवी भेग येते. कारण गंजणारा भाग आजवर शेजारच्या सळईला नकळत वाचवत होता. तो दुरुस्त झाला की गंज शेजारी सरकतो. यावर दुरुस्तीच्या कडेला सळईला बांधायच्या जस्ताच्या छोट्या वड्या मिळतात, छज्जा लांब असेल तर त्या बांधून घ्या. आणि पुढे कधी बांधकाम काढाल तर कंत्राटदाराला आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकातली किनाऱ्यालगतची अट दाखवा: किमान एम ३० ताकदीचं काँक्रीट, सळईवर ४५ मिलिमीटर आवरण, आणि कालवायच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत.

विळी

विळीचं पातं जास्त कार्बनच्या पोलादाचं असतं, धार छान धरतं आणि लवकर गंजतं. कैरी किंवा कोकम चिरल्यावर लगेच धुऊन, पुसून, चुलीच्या किंवा गॅसच्या ऊबेला अर्धा मिनिट धरायचं आणि खोबरेल तेलाचा एक थेंब बोटाने दोन्ही बाजूंना फिरवायचा. गंज चढलाच तर चिंचेच्या कोळात किंवा आमसुलाच्या दाट पाण्यात तासभर बुडवून काथ्याने घासा, मग लिटरभर पाण्यात एक चमचा खायचा सोडा घालून त्यात खळखळून काढा, नाहीतर उरलेलं आंबट पुन्हा गंज आणेल. मीठ-लिंबू लावून घासायची सवय असेल तर त्यातलं मीठ वगळा. कोयता, पहार पावसाळाभर पडून राहणार असतील तर त्यांना खोबरेल पुरणार नाही, ग्रीसचा हात द्या आणि गोणपाटात गुंडाळू नका, गोणपाट ओल धरतो.